मिसिसागातले पहिले महिने: आधी पत्ता, मग नोकरी

पुण्याहून कॅनडात टोरोंटोच्या आसपास, मिसिसागासारख्या शहरांत, कुटुंबासह येणारे बहुतेक जण उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडतात आणि आठवड्याभरात शंभर ठिकाणी रेझ्युमे पाठवून मोकळे होतात. आम्हीही तेच केलं आणि त्यातून काहीही निघालं नाही. इथे पहिली गरज असते पत्त्याची, आणि पत्ता म्हणजे तुमच्या नावावरचा भाडेकरार. मुलांची शाळा, आरोग्य कार्ड, टपालाने येणारं पीआर (कायम वास्तव्याच्या परवान्याचं) कार्ड, सगळं त्या एका कागदाला टांगलेलं असतं. घरमालक मात्र करार करण्याआधी नोकरीचं पत्र मागतो. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. पण ही गाठ सोडवण्याची निम्मी तयारी भारतातच करावी लागते, म्हणून आधी तिकडचं सांगतो.

आमचा मार्ग एक्सप्रेस एंट्रीचा, म्हणजे नोकरी हातात नसताना थेट पीआर. त्यात वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण मोजतात, आणि प्रत्येक फेरीत कटऑफच्या वरच्यांना अर्जाचं आमंत्रण येतं. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वसाधारण फेऱ्यांचा कटऑफ ४८१ पर्यंत खाली आला होता. आता ५०० च्या वर गुण असूनही वाट पाहावी लागते, आणि फ्रेंच येणाऱ्यांचा कटऑफ मात्र बहुतेकदा शंभराहून जास्त गुणांनी खाली असतो. मुलं लहान असतील आणि दोन वर्षं हाताशी असतील, तर इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा चौथ्यांदा देण्यापेक्षा फ्रेंचचा क्लास लावलेला बरा. आयईएलटीएस जनरलमध्ये लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हींत ७ मिळाले की भाषेच्या गुणांची मोठी उडी पडते. बहुतेकांचं घोडं रायटिंगच्या ६.५ वर अडतं.

महाराष्ट्रातल्या लोकांची खास अडचण नावाची. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचंही. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर पदवी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या. पदवीचं मूल्यमापन करून घेताना हे जुळलं नाही की फाईल महिनोन्महिने पडून राहते. विवाह प्रमाणपत्राची प्रत आणि 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीसमोर केलेलं इंग्रजी प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडून ठेवा. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावं लागतं. तुम्ही पाकीट फोडून स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेटवर भागवू नका, दीक्षान्त समारंभाचं मूळ प्रमाणपत्र काढून घ्या.

आमंत्रण आल्यावर सगळे कागद चढवायला ६० दिवस मिळतात. त्यात सर्वात जास्त दगा देतं ते अनुभवपत्र. भारतातल्या कंपन्या रिलीव्हिंग लेटर देतात, त्यात तारखा आणि हुद्दा एवढंच असतं. कॅनडाला हवं असतं कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, पगार आणि भत्ते, लेटरहेडवर, सहीसकट. एचआर नाही म्हणालं तर माजी वरिष्ठाकडून कामाचा तपशील देणारं पत्र, त्याच्या हुद्द्याचा पुरावा, सोबत पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि एक स्पष्टीकरणाचं पत्र, असं बांधून द्यावं लागतं. ही पत्रं आमंत्रणाची वाट न पाहता आधीच गोळा करायची. जुनी कंपनी विकली गेली किंवा बंद पडली तर ६० दिवसांत तिथलं कोणी सापडत नाही.

पैशाच्या पुराव्याचंही तसंच. जुलै २०२५ पासून चौघांच्या कुटुंबासाठी २८,३६२ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, म्हणजे रुपयांत अठरा लाखांच्या आसपास. फ्लॅट, सोनं, पीएफमधली न काढलेली रक्कम यातलं काहीही चालत नाही. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी शिल्लक लागते, म्हणून अचानक जमा झालेल्या मोठ्या रकमेवर प्रश्न येतोच. वडिलांनी दिली असेल तर गिफ्ट डीड तयार ठेवा. पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंत टीसीएस (बँक आगाऊ कापते तो कर) लागत नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण नेमका जेव्हा पैसा लागतो तेव्हाच अडकतो. दोघांच्या पॅनवर विभागून पाठवलं की प्रश्न मिटतो.

एक बारीक गोष्ट कोणी सांगत नाही. पीआरच्या कागदावर 'या तारखेआधी या' असं लिहिलेलं असतं, आणि ती तारीख मेडिकल किंवा पासपोर्ट, यातलं जे आधी संपेल त्यावर ठरते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाचच. मुलाच्या पासपोर्टची मुदत वर्षभरावर आली असेल तर मेडिकलच्या आधीच तो नवा करून घ्या.

बॅगा भरण्याआधी तीन कागद. पहिला, आरटीओकडून ड्रायव्हिंग लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदीचा अधिकृत उतारा, ज्यात लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ते स्पष्ट हवं. ऑन्टारियोत, म्हणजे टोरोंटो-मिसिसागाच्या प्रांतात, भारतीय लायसन्सवर ६० दिवस गाडी चालवता येते. त्यानंतर जी-१ ची, म्हणजे शिकाऊ लायसन्सची, लेखी परीक्षा, २० प्रश्न खुणांचे आणि २० नियमांचे, दोन्हींत किमान १६ बरोबर. जुना अनुभव आरटीओच्या एक्स्ट्रॅक्टने सिद्ध झाला तर मधली परीक्षा टाळून थेट शेवटची रोड टेस्ट देता येते. नाही तर वर्षभर ताटकळावं लागतं, आणि इथे अनेक नोकऱ्यांना गाडी लागतेच. दुसरा, मुलांचं लसीकरण पत्रक, तारखांसकट, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं, इंग्रजीत. शाळा गोवर, गालगुंड, रुबेला, घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, मेनिंगोकॉकल आणि २०१० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी कांजिण्या, एवढ्यांची नोंद मागते. शेवटच्या दोन आपल्याकडे बऱ्याचदा राहिलेल्या असतात. तिसरा कागद दागिन्यांचा. विमानतळावरच्या कस्टम्सच्या फॉर्मवर सोबत आणलेल्या आणि मागाहून येणाऱ्या अशा दोन याद्या द्यायच्या असतात. मंगळसूत्र, पाटल्या, आजीचा हार, जे भारतात ठेवून आलात आणि पुढे कधी आणणार तेही दुसऱ्या यादीत लिहा, फोटो आणि सोनाराच्या मूल्यांकनासह. यादीत नसलेल्यावर नंतर कर लागू शकतो. दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त रोकड किंवा ड्राफ्ट जवळ असेल तर तेही सांगायचं. सांगितल्याने काही जात नाही, लपवल्याने जातं.

आता पत्त्याची गाठ. पहिले चार आठवडे फर्निचरसह तात्पुरती जागा घ्या, आणि भारतातून कायमचं घर पक्कं करू नका. न पाहिलेल्या घरासाठी ई-ट्रान्सफरने डिपॉझिट पाठवणं हा फसण्याचा सर्वात सोपा रस्ता आहे. आमच्या वेळी दोन बेडरूमच्या फ्लॅटचं भाडं २,३०० ते २,८०० डॉलरच्या दरम्यान होतं. बेसमेंट पाचशे-सहाशेने स्वस्त. बेसमेंट घेताना छताची उंची, खिडकीचा आकार आणि बाहेर पडायचा वेगळा दरवाजा बघा. शहराकडे त्याची नोंद आहे का हेही विचारा. नोंद नसलेली जागा कमी भाड्याची असते, पण तक्रार झाली की सामान तुमचंच रस्त्यावर येतं.

नोकरी नसताना घरमालकाला देण्यासारखं काय असतं? बँकेतल्या शिल्लकेचं पत्र, भारतातल्या पगाराच्या पावत्या, पुण्यातल्या घरमालकाचं इंग्रजी शिफारसपत्र, पीआरचा कागद आणि शक्य असेल तर इथे नोकरी करणारा हमीदार. हे सगळं एका पीडीएफमध्ये, वर अर्ध्या पानाचं कुटुंबाची ओळख देणारं पत्र. कायद्याने घरमालक एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट मागू शकत नाही, ते शेवटच्या महिन्याचं धरलं जातं. डॅमेज डिपॉझिट तर मुळीच घेता येत नाही. तरी आम्हाला एकाने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं आणि दुसऱ्याने वर्षाचं. नाही म्हणून पुढे जा. मोठ्या भाडे कंपन्यांच्या जुन्या इमारती त्या मानाने नियमाने चालतात, स्वयंपाकघर जुनाट असलं तरी. करार ऑन्टारियोच्या प्रमाणित नमुन्यातच हवा, आणि त्यात हीट (घर गरम ठेवण्याचा खर्च), पाणी, वीज कोणाकडे हे एकेक करून वाचा. भाड्यात हीट धरलेली नसेल तर जानेवारीत बिल पाहून डोळे पांढरे होतात.

करार हातात आला की पुढचं आठवडाभरात उरकतं. सिन नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) त्याआधीच काढून होतो, त्याला भाडेकरार लागत नाही. ऑन्टारियोत आरोग्य कार्डाला २०२० पासून तीन महिन्यांची प्रतीक्षा राहिलेली नाही. ब्रिटिश कोलंबियात मात्र आहे, तिकडे जाणाऱ्यांनी खासगी विमा घेऊनच निघावं. पीआर कार्डासाठी पत्ता १८० दिवसांत कळवावा लागतो. शाळेत इयत्ता जन्माच्या कॅलेंडर वर्षावरून ठरते. ज्या वर्षी मूल सहा वर्षांचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरात पहिली. नोव्हेंबर-डिसेंबरात जन्मलेली मुलं इथे वर्गातली सर्वात लहान ठरतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, शाळा ऐकत नाही.

कॅनडा सरकारच्या बाल भत्त्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. जुलै २०२५ पासून सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ७,९९७ डॉलरपर्यंत आणि सहा ते सतराच्या मुलामागे ६,७४८ पर्यंत मिळतात. सोबतच्या पुरवणीत इथे येण्याआधीचं भारतातलं उत्पन्न डॉलरमध्ये भरायचं. रुपयातला चांगला पगारही डॉलरमध्ये बसका दिसतो, त्यामुळे पहिल्या वर्षी रक्कम बरी येते. ती सुरू व्हायला दोन-तीन महिने लागतात, पण मागची बाकी एकरकमी मिळते. चौघांचा महिन्याचा खर्च साडेचार हजार डॉलर धरला तर पुराव्यात दाखवलेले अठ्ठावीस हजार सहा महिने पुरतात. हे गणित फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मग नोकरी. रेझ्युमे दोन पानांचा, फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती काहीही न लिहिता. लाख-कोटी डॉलर आणि मिलियनमध्ये बदला. 'चार कोटींचं बजेट' इथे कुणालाच कळत नाही. आपले हुद्देही फसवे असतात. बँकेतला असिस्टंट मॅनेजर किंवा आयटीतला असोसिएट म्हणजे नेमकं काय, हे इथल्या जाहिरातीतल्या शब्दांत लिहावं लागतं. स्थानिक फोन नंबर घ्या आणि व्हॉइसमेल चालू करा. रिक्रूटर दुसऱ्यांदा फोन करत नाही, निरोप ठेवतो. मुलाखतीत 'आम्ही केलं' म्हणायची आपली सवय महागात पडते. समोरचा तुम्ही स्वतः काय केलंत ते शोधत असतो. आणि संदर्भासाठी दिलेल्या भारतातल्या माणसांना आधी कल्पना देऊन ठेवा. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, रात्री अकरा वाजता अनोळखी नंबर कोण उचलणार?

कॅनडातला अनुभव नाही म्हणून नकार हे जुनं दुखणं. १ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारियोत २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहीर जाहिरातीत तशी अट घालता येत नाही. जाहिरातीतून अट गेली म्हणून मनातून जाईलच असं नाही, तेव्हा ओळखीतून मिळणारा रेफरल अजूनही सर्वात भरवशाचा. अनोळखी माणसाला 'नोकरी आहे का' असं विचारू नका. त्याच्या कामाबद्दल वीस मिनिटं मागा, लोक देतात. पीआरवाल्यांना सेटलमेंट संस्थांची, म्हणजे नव्याने आलेल्यांना बस्तान बसवून देणाऱ्या संस्थांची, मदत फुकट मिळते. त्यातले व्यवसायानुसार चालणारे ब्रिजिंग कोर्स (परदेशातलं शिक्षण-अनुभव इथल्या कामाशी जोडून देणारे) खरे उपयोगाचे, सर्वसाधारण रेझ्युमे कार्यशाळा एकदा पुरे. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऐन उन्हाळा भरतीला थंड, जानेवारीचा मध्य ते एप्रिल तेजीचा.

परिचारिका, दंतवैद्य, फार्मासिस्ट, शिक्षक यांना आधी परवाना लागतो. इंजिनिअरांचं थोडं सैल झालं आहे. ऑन्टारियोच्या परवाना मंडळाने मे २०२३ मध्ये कॅनडातल्या अनुभवाची अट काढून टाकली. सॉफ्टवेअरवाल्यांना परवान्याची गरज पडत नाही.

मधल्या काळात वेअरहाऊसमध्ये काम करण्यात कमीपणा नाही, पण एजन्सीकडे परवाना आहे का ते विचारा, जुलै २०२४ पासून तो सक्तीचा आहे. काम देण्याचे पैसे मागणारी एजन्सी बेकायदा समजा. किमान वेतन १ ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० डॉलर. रात्रपाळी घेऊ नका, दिवसा मुलाखती असतात. आयटीत 'स्वतःची कंपनी काढा, मग कंत्राट देतो' असं सांगणारे भेटतात. तासाचा दर मोठा दिसतो, पण सुट्ट्या, बेकारी विमा काहीच नसतं. पहिली नोकरी पगारपत्रकावरची घ्या.

दुसऱ्या जोडीदाराची नोकरी पाळणाघरावर अडते. सरकारी योजनेत सामील असलेल्या केंद्रांत दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर, पण फक्त सहा वर्षांखालच्यांना, आणि यादी लांबलचक. पत्ता ठरला त्याच दिवशी पाच-सहा केंद्रांत नाव घाला, नोकरी लागेपर्यंत थांबू नका.

आणि एप्रिलची ३० तारीख विसरू नका. त्या वर्षी इथे एक डॉलरही मिळवला नसेल तरी दोघांनीही टॅक्स रिटर्न भरायचं. एकाचं राहिलं तरी जुलैपासून बाल भत्ता थांबतो, आणि तो पुन्हा सुरू करून घ्यायला पुन्हा दोन-तीन महिने जातात.