आमची वाटचाल : करवतीच्या धारेपासून चेनसॉच्या दात्यांपर्यंत

दापोलीतील आमच्या दुकानाचा मूळ धंदा करवती पाजवण्याचा. वडील त्रिकोणी कानशीने सुतारांच्या करवतींना धार लावत, दाते आळीपाळीने उजवीकडे-डावीकडे वाकवून देत आणि शेवटी एक डोळा मिटून सगळी ओळ एका रेषेत आली आहे का, ते पाहत. तालुक्यात पेट्रोलवर चालणारे चेनसॉ (दातेरी साखळी, म्हणजे चेन, फिरवून लाकूड कापणारी यंत्रे) आले, तसे लाकूडतोडीचे ठेकेदार त्यांच्या चेनही आमच्याकडेच आणू लागले, कारण धारवाले म्हणून लोक आम्हालाच ओळखत होते.

मात्र चेनचे काम निराळे निघाले. चेनसॉच्या सुरुवातीच्या काळातील दाते करवतीसारखेच लाकूड खरवडत असत. अमेरिकेतील ओरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये लाकूड पोखरणाऱ्या एका भुंग्याची अळी पाहिली. ती जबड्याने एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे लाकूड कुरतडत पुढे सरकत होती. त्यावरून त्यांनी आळीपाळीने डावे-उजवे वाकडे दाते असलेली चेन तयार केली आणि आज वापरात असलेल्या बहुतेक चेन तिच्याच वंशातल्या आहेत. असा दाता रंधा मारल्यासारखी ढलपी काढतो. चांगल्या चेनमधून ढलप्या उडतात आणि पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे.

सुरुवातीला आम्हीही चेन हातानेच घासत होतो. काम वाढल्यावर विजेवर चालणारा ग्राइंडर घेतला. तो आजही दुकानात आहे, पण खिळ्यावर किंवा दगडावर आदळून पार मोडलेल्या दात्यांपुरताच. चाक क्षणभर जास्त टेकले तरी दात्याचे टोक निळे पडते, पोलादाचे पाणी उतरते आणि मग ती धार अर्धा दिवसही टिकत नाही. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे साग तोडणाऱ्यांच्या तक्रारी सर्वांत आधी येत. म्हणून रोजच्या कामासाठी आम्ही टेबलावर बोल्टने घट्ट बसवायचे हातकानशीचे साधन घेतले आणि तिथून आमच्या कामाची रीतच बदलली.

या साधनात चेन एका खाचेत उभी राहते, मागून एक खटका दात्याला टेकतो आणि गोल कानस चौकटीत अडकवलेली असल्याने ठरलेल्या कोनातून व ठरलेल्या उंचीवरूनच पुढे सरकते. कोन बहुतेक वेळा ३० अंशांचा असतो. कानशीचा व्यास चेनच्या पिचवरून, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराच्या निम्म्यावरून, ठरतो: ०.३२५ इंची चेनला ४.८ मिमी, ३/८ इंची लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) चेनला ४ मिमी. कानशीच्या व्यासाचा सुमारे पाचवा भाग दात्याच्या माथ्यावर राहायला हवा. ती फार खाली बसली तर धार हुकासारखी वळते आणि लगेच बोथटते. फार वर राहिली तर दाता लाकडात शिरतच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी चेन रॉकेलने धुऊन कोरडी करावी लागते, नाहीतर तेलकट कीस कानशीत भरतो. मग कॅलिपरने सर्वांत आखूड दाता शोधून त्यावर खडूची खूण करायची आणि त्याच्याच मापाने साधन लावायचे. ७२ ड्राइव्ह लिंकच्या (पट्टीच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांच्या) नेहमीच्या चेनमध्ये ३६ दाते असतात. आधी एका बाजूचे अठरा, मग कोन फिरवून दुसऱ्या बाजूचे अठरा. कानस फक्त पुढे जातानाच दाबायची, परतताना उचलायची. एका बाजूचे दाते लांब राहिले तर चेनसॉ लाकडात वाकडा जातो आणि गिऱ्हाईक उगाचच बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) खराब झाला म्हणून नवा बार घ्यायला निघते. आमच्या मते हे साधन विकत घेण्याला तेवढे एक कारणही पुरेसे आहे.

दात्याचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे तो घासत जाईल तसा ठेंगणा होतो आणि पुढचा रेकर (दाता लाकडात किती खोल शिरेल हे ठरवणारा उंचवटा) त्याच्या तुलनेने उंच ठरतो. म्हणून काही वेळा धार लावल्यावर गेज ठेवून चपट्या कानशीने रेकर उतरवावा लागतो. दात्याच्या टोकापेक्षा रेकर साधारण ०.६५ मिमी खाली असला की पुरते. लवकर कापते म्हणून तो जास्त उतरवून मागणारे असतात. आम्ही ते करून देत नाही, कारण मशीन झटका देऊन माणसाच्या अंगावर येते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा या साधनाची खरी किंमत कळली. वीज गेलेली, ग्राइंडर बंद आणि आडवी झालेली आंब्या-फणसाची, नारळ-पोफळीची झाडे वाटेतून हटवायची होती. मुळांसकट उन्मळलेल्या खोडांना माती-वाळू चिकटलेली असते, त्यामुळे चेन तासाभरात बोथट होऊन परत येत. वाळूने दात्यावरचा क्रोमचा पातळ थर झिजलेला असेल, तर अखंड क्रोम लागेपर्यंत दाता मागे घासावाच लागतो. वरवरच्या दोन हातांनी तिथे काही होत नाही. दाराशी ओट्यावर टेबल आणून दिवसाच्या उजेडात काम चालले. एक चेन ठेवून दुसरी तयार चेन न्यायची, ही आमची पद्धत तेव्हाच पडली.

आता नव्या गिऱ्हाइकांमध्ये बागायतदार बरेच आहेत. जुन्या हापूस कलमांचे पुनरुज्जीवन करताना जाड फांद्या कापाव्या लागतात, काप फाटला तर त्यावर लावलेली बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) नीट बसत नाही, म्हणून त्यांना धारेबद्दल आमच्याइतकीच काळजी असते. हे काम ग्राइंडरपेक्षा वेळ खाते, त्यामुळे आमचा दर शेजारच्या दुकानांपेक्षा थोडा जास्त आहे आणि दाता त्यावरच्या झिजेच्या खुणेपर्यंत आलेला असेल तर चेन धार न लावताच परत जाते. छाटणीच्या बॅटरीवरील छोट्या मशीनना पाव इंच पिचची बारीक चेन असते, तिला बहुधा ३.२ मिमीची कानस लागते. तिच्यासाठी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेगळे साधन बसवले आहे आणि त्याची सेटिंग कोणीही हलवायची नाही, असा दुकानाचा नियम आहे.