दिवस 81: पोदेर (आमचा गोव्याचा पाववाला) गावाला गेला आणि माझं चालणं पण

मंडळी, रोज चालायच्या सवयीचा मागचा अपडेट 38 व्या दिवशी टाकलेला, नंतर गायब झालो. कारण लाजिरवाणं आहे पण सांगतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, बीपी बॉर्डरवर आहे हे कळून 2 वर्षं झाली आणि तेवढ्या काळात मी इतकं वाचलं की आठवड्याला 150 मिनिटं चाल, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं तोंडपाठ, ऑफिसात लोकांना शिकवायचो सुद्धा. स्वतः चालायचो शून्य.

एप्रिलमध्ये मग पोदेराला धरलं. सकाळी त्याचा पोंक पोंक हॉर्न ऐकला की पावाला खाली उतरावंच लागतं, तर बूट घालूनच उतरायचं, पावाची पिशवी गेटला अडकवायची आणि तसंच फर्मागुडीला गोपाळ गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचं. (एकदा कुत्र्याने दोन उंडे (गोल पाव) पळवले, घरी बोलणी खाल्ली.) 38 दिवस एकही खाडा नाही!

मे अखेरीस पोदेर 5 दिवस गावाला गेला. हॉर्न नाही, मी डाराडूर. तो परत आला तरी माझं काही सुरू होईना, एकूण 11 दिवस गेले. लंडनमधल्या 96 जणांवरच्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस आले होते, कोणाला 18 तर कोणाला 254 पर्यंत, आणि एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही असंही दिसलं होतं. एखादा हां, 11 नव्हे.

आता घंटा स्वतःच्या घरात आणलीय, चहाचं टोप. पण बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा चालत नाही, म्हणून टोप गॅसवर नुसतं ठेवायचं, पेटवायचं नाही, 5 मिनिटं पाठ टेकून पाय जमिनीला लावून गप्प बसायचं, एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग, वहीत लिहून बूट, आणि आल्यावरच चहा. पाऊस फारच असला तर बिल्डिंगचे जिने. कंटाळवाणं आहे, पण होतंय.

मिठात मात्र सपशेल नापास. टेबलावरची मिठाची बाटली वरच्या फळीवर गेली ती गेलीच, ते सोपं होतं. पण 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद, ताजी मासळी महाग, त्यामुळे आमच्याकडे रोज सुकं, कधी सुंगटांची किसमूर (सुक्या कोळंबीची खोबरं घालून कोशिंबीर), कधी खारा बांगडा भाजून, वर पेजेबरोबर तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी. बांगडा तासभर भिजवून पाणी दोनदा बदलतो, मीठ थोडं उतरतं, बायको म्हणते चवही उतरते, आणि खरं सांगायचं तर तिचं बरोबर आहे. कोणाकडे काही युक्ती असेल तर टाका.

आज 132/84, चाल 35 मिनिटं, चहा मिळाला.