'फक्त शिकवलंय?'

परवा लंडनमध्ये एका मुलाखतीत मला विचारलं, "म्हणजे तुम्ही फक्त शिकवलंय?" पुण्यात नऊ वर्षं लॉच्या मुलांना शिकवलं, त्याचा त्या एका 'फक्त'मध्ये निकाल लागला. बाहेर पडले ती तडक पार्लमेंट स्क्वेअरला, इथल्या सुप्रीम कोर्टात गेले. बॅग तपासली, बस्स. पास नाही, वकिलाची चिठ्ठी नाही. मागच्या बाकावर जाऊन बसले. समोर न्यायाधीश साध्या कपड्यांत, ना विग ना झगा.

ब्रेंडा हेल 2017 ते 2020 या कोर्टाच्या अध्यक्ष होत्या. बोरिस जॉन्सन सरकारनं संसद बंद ठेवली ती बेकायदा, हा अकरा न्यायाधीशांचा एकमुखी निकाल 2019 मध्ये त्यांनीच वाचून दाखवला. तेव्हा त्यांनी लावलेला तो कोळी-किड्याच्या आकाराचा ब्रोच तुम्हाला आठवत असेल. माझा जीव मात्र त्याआधीच्या वर्षांत अडकलाय. यॉर्कशायरमधल्या रिचमंडची ही शिक्षकांची मुलगी केंब्रिजहून 1966 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गेली आणि तिथे तिनं अठरा वर्षं शिकवलं. अठरा! बॅरिस्टरच्या परीक्षेत पहिली आली, थोडी वकिली केली आणि पुन्हा वर्गावरच. 1984 मध्ये कायदा आयोगावर पहिली महिला, 1994 मध्ये हायकोर्टात, 2004 मध्ये पहिली महिला लॉ लॉर्ड, म्हणजे हे सुप्रीम कोर्ट होण्याआधीच्या इथल्या सर्वोच्च न्यायपीठाची न्यायाधीश. नवऱ्यानं कधी हात उगारला नाही म्हणून कौन्सिलनं, म्हणजे स्थानिक पालिकेनं, घरासाठी मदत नाकारलेल्या एका बाईच्या दाव्यात, 2011 मध्ये, त्यांनी लिहिलं की घरातली हिंसा म्हणजे नुसती मारहाण नव्हे. कुटुंब कायदा वर्षानुवर्षं शिकवलेल्या बाईंनाच हे इतकं स्वच्छ दिसतं, असं मला मनापासून वाटतं.

इथे सर्वोच्च न्यायपीठावर बाई बसायला 2004 उजाडलं. आपल्याकडे फातिमा बीवी 1989 मध्येच सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या होत्या. हे मी इथे भेटेल त्याला सांगते, आणि सांगणारच.

पण आपल्या घटनेच्या कलम 124 मध्ये सुप्रीम कोर्टासाठी नामवंत कायदेपंडिताचीही वाट ठेवलेली आहे. त्या वाटेनं आजवर एकही प्राध्यापक आत गेलेला नाही. हायकोर्टांसाठी तर ती वाटही नाही. वर्गात हे कलम आलं की तेवढी ओळ मी वाचून पुढे जात असे. एकाही विद्यार्थिनीनं कधी थांबवलं नाही, आणि मीही थांबले नाही.