आमची वाटचाल : पेटी तीच, दारं नवी

आमचं वर्कशॉप सुरू झालं ते नवीन किचन ट्रॉली बसवण्यासाठी. पण पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मापं घ्यायला गेलं की कितीतरी घरांत हेच दिसायचं : दारांचा रंग गेलेला, बिजागऱ्या लोंबलेल्या आणि आतली पेटी, म्हणजे दारांमागचा फळ्यांचा सांगाडा, मात्र ठणठणीत. अशा घरात सगळं उखडून नवं करा असं सांगणं आम्हाला पटेना. त्यातून जुन्या किचनची कामं वाढत गेली आणि आज तोच आमचा मुख्य धंदा आहे.

पाहणी सुरू होते सिंकखालून. तळफळीची कड नखाने दाबून बघायची. भुसा निघाला तर पार्टिकल बोर्डात पाणी मुरलंय हे नक्की. अशी फळी वाळली तरी मूळ जाडीवर येत नाही आणि स्क्रूही धरत नाही. आम्ही तेवढी फळी काढून 18 मिमी डब्ल्यूपीसीची, म्हणजे लाकूड-प्लास्टिक मिश्रणाची, टाकतो आणि कडेने सिलिकॉन भरतो. त्याआधी बॉटल ट्रॅपची, म्हणजे सिंकच्या पाइपाला खाली लावलेल्या बाटलीसारख्या भागाची, गळती थांबलीच पाहिजे, नाहीतर पाणी बाजूच्या पेटीत शिरतं. उभ्या बाजूच फुगलेल्या असतील किंवा वाळवी लागलेली असेल, तर आम्ही दुरुस्तीचं काम घेत नाही, घरच्यांचे पैसे वाया जातात. कडप्प्याचे पार्टिशन असलेला जुना ओटा मात्र सोन्यासारखा. कडप्पा फुगत नाही, कुजत नाही. चॅनेल (ट्रॉली सरकवणाऱ्या पट्ट्या) आणि दारं बदलली की काम झालं.

लोक रंगाचा विचार आधी करतात, आम्ही बिजागरीचा. दार सरळ उभं राहिलं आणि आवाज न करता मिटलं की निम्मं जुनेपण तिथेच जातं. कपाची बिजागरी, म्हणजे जिची गोल वाटी दारात बसते ती, बहुधा 35 मिमी व्यासाची असते, म्हणजे जुन्या भोकात नवी सॉफ्ट क्लोज बसते. फक्त क्रँक, म्हणजे बिजागरीच्या दांड्याचा बाक किती मिमी आहे, ते बघून घ्यायचं : दार पेटीची कड पूर्ण झाकत असेल तर 0, दोन दारं एकाच पार्टिशनवर येत असतील तर 8, दार पेटीच्या आत बसत असेल तर 15 किंवा 16. स्क्रूचं भोक ढिलं झालं असेल तर काडी कोंबून भागत नाही, काही महिन्यांत दार पुन्हा उतरतं. भोक 8 मिमीचं करून त्यात लाकडी डॉवेल (गोल खुंटी) फेविकॉल लावून ठोकायचा, एक दिवस सोडायचा आणि मग 2 मिमीचं नवं भोक पाडायचं. हँडल घेताना जुन्या दोन भोकांमधलं अंतर मोजून जा. बहुतेक 96 किंवा 128 मिमी असतं. तेच माप घेतलं की भोकं बुजवत बसावं लागत नाही.

दारांवर नवा सनमायका लावायचा तर जुना काढायची गरज नसते. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तरच काढा. नाहीतर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण घालवा, दाराला आणि नव्या सनमायकाच्या पाठीला, दोन्हींना कॉन्टॅक्ट गम लावा आणि बोटाला चिकटेनासा झाला की दाबा. भर पावसाळ्यात हे काम आम्ही बंद खोलीतच करतो, कारण गम सुकताना त्यावर दमट हवेतलं पाणी बसतं आणि मागाहून फुगे येतात. नव्या 1 मिमी थरामुळे 18 मिमी प्लायचं दार आतल्या-बाहेरच्या जुन्या थरांसकट जवळपास 21 मिमी होतं, म्हणून एज बँड (दाराच्या कडेवर चिकटवायची पट्टी) 22 मिमी रुंदीचाच आणायचा.

सनमायकाच्या शीटचा हिशेब इथेच चुकतो. 8 बाय 4 फुटांच्या शीटमध्ये 24 बाय 18 इंची दहा दारं बसतील असं कागदावर दिसतं. पण ट्रिमिंगसाठी प्रत्येक मापात अर्धा इंच जास्त ठेवावा लागतो. त्यामुळे साध्या रंगाची आठ निघतात आणि उभ्या रेषांच्या लाकडी डिझाइनची फक्त सहा. बजेट आखडतं असेल तर आम्ही प्लेन रंगच सुचवतो.

त्याहून स्वस्त म्हणजे रंगकाम. इथे सगळी मेहनत धुण्यात आहे. गॅसच्या वरच्या दारांवर तेलाचा पातळ थर असतो. तो राहिला तर प्राइमर पापुद्र्यासारखा निघतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा, आणि रात्रभर वाळू द्या. पुढे 220 नंबरचा पेपर, सनमायकाला धरणारा प्राइमर आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचे दोन पातळ हात. पांढऱ्यासाठी तेलाचा इनॅमल आम्ही वापरत नाही, तो पिवळा पडतो. दारं आडवी ठेवून रंगवा, म्हणजे ओघळ येत नाहीत. रंग हाताला सुकल्यासारखा वाटला तरी आत कच्चा असतो, तेव्हा पहिला आठवडाभर ओलं फडकं नको आणि दाराच्या आतल्या कोपऱ्यांना रबरी बफर लावल्याशिवाय ते मिटू नका.