कल्याण, कसारा, कळवा: फ्रीबीएसडीवरच्या डेटाबेसची प्रगती

पुठ्ठ्याच्या जुन्या रेल्वे तिकिटांची नोंदवही एसक्यूलाइटमधून (एकाच फाइलमध्ये मावणारा छोटा डेटाबेस) पोस्टग्रेसमध्ये (स्वतंत्र सर्व्हर म्हणून चालणारा मोठा डेटाबेस) हलवून झाली. मशीन तेच आहे: कोपऱ्यातला जुना डेस्कटॉप, त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम आणि झेडएफएस ही फाइल सिस्टीम. एका माणसाच्या संग्रहाला पोस्टग्रेस कशाला, असं कोणीही विचारेल, आणि प्रश्न रास्त आहे. नोंदी फार नाहीत, लिहिणारा मी एकटाच. एसक्यूलाइट यासाठी पुरून उरतं. फाइल उचलली, पेन ड्राइव्हवर टाकली, बॅकअप झाला.

अडलं ते स्टेशनांच्या यादीवर. मध्य रेल्वेची चार नावं घ्या: कर्जत, कल्याण, कसारा, कळवा. बाराखडी शिकलेला माणूस याच क्रमाने लावेल, कारण आपल्याकडे ळ येतो ह नंतर. एसक्यूलाइट मूळ स्वरूपात फक्त बाइट बघतं, आणि युनिकोडच्या तक्त्यात ळ बसवलाय ल आणि व यांच्या मध्ये. म्हणून कळवा उडी मारून कसाऱ्याच्या आधी येतो. चार नावांत हे खपून जातं. पूर्ण यादी छापून अल्बमला लावायची म्हटली की दर पानावर खुपतं.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे आयसीयू ही युनिकोडची, भाषांचे नियम सांभाळणारी लायब्ररी. तिच्यातल्या मराठीच्या नियमांत ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ असा क्रम स्वच्छ दिलेला आहे. मी पायथनमधून पायआयसीयू (आयसीयूची पायथनसाठीची जोड) वापरून एसक्यूलाइटला 'मराठी' नावाचं कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम, जोडून दिलं होतं आणि ते छान चाललंही. त्रास इतकाच, की ते कोलेशन राहतं माझ्या स्क्रिप्टमध्ये, डेटाबेसच्या फाइलमध्ये नाही. तीच फाइल साध्या एसक्यूलाइट शेलमधून उघडून स्टेशनाचा कॉलम क्रमाने मागितला की 'नो सच कोलेशन सीक्वेन्स' म्हणून हात वर.

मग एका तिमाहीच्या सुरुवातीला अपडेट केलं आणि स्क्रिप्टच उठेना. एरर अशी: शेअर्ड ऑब्जेक्ट 'लिबआयसीयूआय१८एन.एसओ.७५' नॉट फाउंड. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण आज ना उद्या हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं.

आयसीयूच्या साधारण वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या निघतात आणि लायब्ररीच्या फाइलच्या नावातला आकडा दर वेळी बदलतो. फ्रीबीएसडीची तयार पॅकेजं नव्या आकड्याशी जोडून पुन्हा बांधली जातात, त्यामुळे पीकेजीने (फ्रीबीएसडीचं पॅकेज बसवायचं साधन) आणलेलं सगळं एकत्र पुढे सरकतं. मागे राहतं ते पीकेजीच्या हिशेबात नसलेलं. माझं पायआयसीयू पिपने (पायथनचं स्वतःचं पॅकेज बसवायचं साधन) व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पायथनच्या वेगळ्या कप्प्यात, बसवलेलं होतं. म्हणजे ते याच मशीनवर, त्या वेळच्या आयसीयूशी जोडून कंपाइल झालेलं.

शोध घेताना पहिल्यांदा 'पीकेजी चेक' चालवून अवलंबित्वं तपासली. सगळं आलबेल. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, आयसीयू पॅकेज जागेवर होतंच, फक्त नवं. मग व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायआयसीयूच्या डॉट एसओ फाइलवर 'एलडीडी' (फाइलला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवलं आणि आयसीयूच्या ओळींपुढे 'नॉट फाउंड' दिसलं. शेवटी 'पीकेजी व्हिच'ला तीच फाइल कोणाची म्हणून विचारलं, तर त्याने ओळखच दाखवली नाही. या तीन कमांड याच क्रमाने चालवल्या की दोष पॅकेजचा आहे की आपण बाहेरून आणलेल्या वस्तूचा, हे लगेच कळतं. उगाच सगळी पॅकेजं जबरदस्तीने पुन्हा बसवत बसायचं काम नाही.

इथे एक मेख आहे. पिपला 'काढून पुन्हा बसव' सांगितलं तरी एरर तीच येते. पिप मागच्या वेळी बांधलेलं व्हील, म्हणजे तयार पॅकेजची फाइल, कॅशेत जपून ठेवतं आणि तेच पुन्हा काढून देतं, जुन्या आकड्याशी जोडलेलं. कॅशे न वापरण्याचा पर्याय दिला तरच ते नव्याने कंपाइल होतं. त्याहून सरळ मार्ग म्हणजे पायआयसीयूचं फ्रीबीएसडीचं स्वतःचं पॅकेज घ्यायचं. ते आयसीयूबरोबरच वर सरकतं.

पोर्ट्समधून (पॅकेजं स्वतः बांधायचा फ्रीबीएसडीचा संग्रह) आयसीयूचा पर्याय चालू करून एसक्यूलाइट स्वतः बांधायचं आणि लॉक करून ठेवायचं, असंही सुचवलं जातं. मला ते पटत नाही. पीकेजीचं लॉक फक्त त्या पॅकेजपुरतं थांबत नाही, ते पॅकेज ज्यावर उभं आहे त्यालाही हलू देत नाही. आयसीयू अडकलं की त्याच्यावर बेतलेलं बाकी सगळं दाराशी ताटकळतं.

गंमत म्हणजे पीकेजी स्वतःचा सगळा हिशेब एसक्यूलाइटमध्येच ठेवतं. फाइल आहे व्हार, डीबी, पीकेजी या डिरेक्टरीत, 'लोकल.एसक्यूलाइट' नावाची. 'पीकेजी शेल' म्हटलं की थेट तिच्या प्रॉम्प्टवर जाता येतं. बघायला हरकत नाही, तिथे बदल मात्र करू नका. पीकेजी आपलं एसक्यूलाइट पोटात घेऊन येतं, त्यामुळे बाहेरचं पॅकेज मोडलं तरी ते चालत राहतं.

आता निवड. मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस सर्व्हर आधी पाहिला, त्याच्या कोलेशनच्या यादीत मराठी सापडलं नाही, तिथेच विषय संपला. पोस्टग्रेसला आयसीयूची जोड आवृत्ती १० पासून आहे आणि 'एमआर-एक्स-आयसीयू' हे कोलेशन तयार मिळतं. ते डेटाबेसच्या आत राहतं, शेलमधून विचारा नाहीतर पायथनमधून, क्रम एकच.

पण फ्रीबीएसडीवर पोस्टग्रेस नुसतं बसवून भागत नाही. त्याची सुरुवातीची स्क्रिप्ट एन्कोडिंग यूटीएफ-८ घेते आणि कोलेशन 'सी' ठेवते. 'सी' म्हणजे पुन्हा बाइटचाच क्रम, कळवा पुन्हा कसाऱ्याच्या आधी. मी ते 'सी' मुद्दाम तसंच राहू दिलं आणि फक्त स्टेशनाच्या नावाच्या कॉलमला मराठी कोलेशन लावलं. कारण इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून क्रमाने लावून ठेवलेली सूची) ज्या क्रमाने रचलाय तो क्रम लायब्ररी बदलल्यावर बदलू शकतो. आयसीयू पुढे सरकलं की पोस्टग्रेस 'कोलेशन व्हर्जन मिसमॅच'चा इशारा देतं. तो दिसला की आधी रीइंडेक्स करायचं आणि मगच कोलेशनला 'रिफ्रेश व्हर्जन' सांगायचं. उलट केलं तर इशारा गप्प होतो आणि बिघडलेला इंडेक्स तसाच राहतो. अख्खा डेटाबेस आयसीयूवर टाकला असता तर मजकुराचा प्रत्येक इंडेक्स पुन्हा बांधावा लागला असता. आता एकच आहे, चुटकीसरशी होतो.

कऱ्हाडने वेगळाच घोळ घातला. कऱ्हाडमधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: कोणी थेट ऱ हे अक्षर घेतं, कोणी र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. पोस्टग्रेस १३ पासून 'नॉर्मलाइझ' फंक्शन आहे, पण ते फक्त ऱ आणि नुक्तावाला र एक करतं, जोडकाच्या वाटेला जात नाही. म्हणून नोंद आत येतानाच ट्रिगरमध्ये (डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड) जोडकवाला र ऱ ने बदलतो आणि मग नॉर्मलाइझ करतो.

मोठी आवृत्ती बदलतानाही डोळे उघडे ठेवावेत. पोर्ट्समध्ये पोस्टग्रेसची ठरावीक आवृत्ती १५ वरून १६ वर गेली, तेव्हा पायथनला पोस्टग्रेसशी जोडणारं सायकोपीजी पॅकेज १६ चा क्लायंट मागू लागलं. १५ आणि १६ चे क्लायंट एकाच जागी फाइल टाकतात, दोघं एकत्र नांदत नाहीत. त्यामुळे 'पीकेजी अपग्रेड'ने काढून टाकायच्या यादीत १५ चा सर्व्हर गुपचूप घातला. 'वाय' दाबण्याआधी ती यादी वाचायचीच, आणि पोर्ट्समधली 'अपडेटिंग' ही फाइलही. माझ्या आकाराच्या डेटाबेसला पीजी-अपग्रेडची कसरत करण्यात अर्थ नाही, त्याला जुने बायनरी वेगळे काढून ठेवावे लागतात. आधी पीजी-डम्प-ऑलने सगळा डेटा एका फाइलमध्ये, मग १५ काढून १६, इनिटडीबीने नवी रिकामी डेटा डिरेक्टरी आणि डम्प परत आत. डेटाच्या डिरेक्टरीच्या नावातच आवृत्तीचा आकडा असतो, म्हणून जुनी शाबूत राहते. शिवाय इंडेक्स नव्या आयसीयूनुसार आपोआप बांधले जातात.

बेसीटीएल या कमांडने बूट एन्व्हायर्नमेंट (परत जाता येईल अशी सिस्टीमची प्रत) करून ठेवत असाल तर हेही बघा: इन्स्टॉलरच्या नेहमीच्या मांडणीत व्हारमधली डीबी डिरेक्टरी मुळातल्या डेटासेटमध्येच (झेडएफएसचा कप्पा) असते. पॅकेजं आणि त्यांचा हिशेब एकत्र मागे जावेत म्हणून ते सोयीचं आहे, पण मागच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये परतलात की पोस्टग्रेसचा डेटाही तेवढाच मागे जातो. मी त्याला वेगळा डेटासेट दिला आणि रेकॉर्डसाइज, म्हणजे झेडएफएसच्या ब्लॉकचा आकार, १६ के ठेवली.

पुढचं काम भाड्याच्या कॉलमचं. १ एप्रिल १९५७ च्या आधीची तिकिटं रुपये-आणे-पैंत आहेत, नंतरची नव्या पैशांत. जुनी भाडी पूर्णांक पैंत ठेवावीत (रुपयाचे १९२) आणि चलन वेगळ्या कॉलममध्ये, असं सध्या चाललंय. कोणी आणे वेगळ्या प्रकारे साठवले असतील तर स्कीमा जरूर दाखवा.