जर्मिनेशन शून्य, पण बी जिवंत

मी बियाणं तपासणीच्या लॅबमधे आहे. आमच्याकडे येणार सोयाबीन, हरभरा नाहीतर कांदा, त्यामुळे अंजन गवताचं बी आलं तेव्हा अटेंडंट काका पिशवीत हात घालून म्हणाले, "सर, हा तर उशीत भरायचा माल आहे." बारामतीकडच्या माळावरून बचत गटातल्या बायकांनी नोव्हेंबरात ओरबाडून आणलेलं बी, माळ परत गवताखाली आणायच्या एका कामासाठी. पण दुसरीकडच्या टेस्टमधे जवळजवळ काहीच उगवलं नाही, रिपोर्टवर बी मेलेलं असं आलं आणि बिल अडकलं.

बायका लॅबमधे आल्या त्याच्या आदल्या दिवशीच सँपल आलं होतं. अंजनाच्या त्या केसाळ गुच्छात कधी एक दाणा असतो कधी दोन, बरेचसे पोकळ, म्हणजे गुच्छ मोजून शंभर बिया धरल्या की तिथेच हिशोब गंडतो. म्हणून मी कुसं-फोलं काढून फक्त दाणे रात्रभर पाण्यात टाकले, सकाळी ब्लेडने उभे चिरून टेट्राझोलियममधे ठेवले. हे द्रावण बिनरंगी असतं, जिवंत पेशी श्वास घेते तिथे त्याचा लाल रंग होतो, मेलेल्या जागी होत नाही. दुपारी गटाच्या मावशी आणि अजून दोघी येऊन बसल्या होत्या, मी भिंगाखाली बघितलं तर बहुतेक दाण्यांचा अंकुर लालभडक! मावशींना दाखवलं तर म्हणाल्या, "आवो पण बाकीचा दाना पांढराच हाय की." बरोबर पकडलं, पण तो पिठाचा भाग, तो जिवंत दाण्यातही मेलेलाच असतो, तिथे रंग येत नाही.

मग उगवलं का नाही? तर ताजं अंजन झोपलेलं असतं. दाणा दिवाळीच्या आसपास पिकतो, त्यात एखादा अवकाळी पडला आणि सगळं उगवलं तर पुढचे सहा-सात महिने पाणी कुठलं, रोपं जळून जाणार. म्हणून काही महिने कोरडं पडून राहिल्यावरच ते हळूहळू जागं होतं, आणि फोलाचाही अडसर असतो. कुसळी गवताचंही असंच. सोयाबीनच्या हिशोबाने डिसेंबरात ट्रे लावून निकाल देणं म्हणजे कमालच आहे. बरं, टेस्टच्या नियमांत ताजं पण न उगवलेलं बी आणि मेलेलं बी असे दोन वेगळे रकाने आहेत, ते वेगळे भरायचे असतात एवढंच.

मी तसा रिपोर्ट लिहिला, शिवाय झोप मोडायला सोललेले दाणे पोटॅशियम नायट्रेटच्या ०.२ टक्के पाण्याने ओल्या केलेल्या कागदावर लावून ठेवले, आठवडाभरात त्यातले बरेच उगवले, फोलासकट लावलेले तसेच बसून. त्याचे फोटोही जोडले. मावशींचा प्रश्न एकच, "मंग पैसं निघत्याल का?" मी म्हटलं बी कापडी पिशवीत कोरड्या जागी टांगा, उंदरांपासून जपा, मे महिन्यात परत आणा.

मे मधे आणलं, तेव्हा फोलासकटही चांगलं उगवलं. बिल मात्र जुलैत निघालं. तोवर पेरायचा पाऊस होऊन गेलेला, मी विचारलं बी गेलं का कामावर, तर मावशी म्हणाल्या अर्धं दिलं, अर्धं आमच्या गायरानात टाकलं, किती दिवस वाट बगायची.