मनोरुग्णालयाचा प्रमुख कोण असावा?

माझे सारे आयुष्य हिशेब आणि कार्यालयीन कारभारात गेले आहे. त्यामुळे मानसिक आरोग्याच्या संस्थेचा प्रमुख डॉक्टर असावा की व्यवस्थापक, या वादात मी आमच्याच पेशाची बाजू घेईन, असे मित्रांना वाटते. निदान रुग्णालयांच्या बाबतीत तरी मी ती घेत नाही.

व्यवस्थापकांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे, हे आधी मान्य करतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही महाराष्ट्रातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये. त्यांतल्या एकट्या येरवड्याची मंजूर क्षमता अडीच हजारांहून अधिक खाटांची आहे. धान्य, धुलाई, गणवेशाचे कापड, पाणी, रिक्त पदे, निविदा आणि लेखापरीक्षकांचे शेरे, असा एका लहान गावाएवढा हा पसारा शेवटी वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर येऊन पडतो. एका रुग्णालयात मी अधीक्षकांच्या दालनाबाहेर तासभर बसलो होतो. मानसोपचारात एमडी झालेले ते गृहस्थ आत तूरडाळीच्या बिलांवर सह्या करत होते आणि बाह्यरुग्ण विभागाची रांग जिन्यापर्यंत पोहोचली होती.

तरीही माझे मत बदलले ते माझ्याच एका चुकीमुळे. एका निवासी पुनर्वसन केंद्राचे प्रशासन काही काळ माझ्याकडे होते. स्वयंपाकघरातल्या माणसांचा जादा वेळेचा भत्ता वाचावा म्हणून मी रात्रीचे जेवण आठऐवजी सहाला ठेवले. कागदावर बचत चोख दिसत होती. मात्र रात्रीच्या गोळ्या जेवणानंतर लगेच दिल्या जात असल्याने त्याही दोन तास आधी गेल्या, माणसे साडेसातलाच झोपू लागली आणि पहाटे तीनला उठून व्हरांड्यात फेऱ्या घालू लागली. रात्रपाळीच्या सेवकांनी ‘पेशंट बिघडलेत’ अशी नोंद केली आणि डोस वाढवण्याची मागणी आली. भेटीवर येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी नोंदवही चाळून एवढेच विचारले, “जेवणाची वेळ कोणी बदलली?”

हाडांच्या दवाखान्यात जेवण दोन तास अलीकडे आले, तर प्लास्टरला काही फरक पडत नाही. इथे मात्र दार कधी बंद होते, किल्ली कोणाकडे असते, दिवसभर हाताला काम असते की नाही, हा सगळा उपचाराचाच भाग असतो आणि खर्चाच्या वहीत तो कुठेही दिसत नाही.

दुसरे कारण कुलपाचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाच्या) अर्जावरून, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्धही 30 दिवसांपर्यंत दाखल करता येते. ही जबाबदारी कायद्याने संस्थेच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकावर टाकली आहे. ज्याला माणसाचे स्वातंत्र्य काढून घेण्याचा निर्णय करायचा आहे, त्याच्या डोक्यावर खाटा भरलेल्या ठेवण्याचे उद्दिष्ट घेऊन बसलेला वरिष्ठ नसावा, इतके साधे माझे म्हणणे आहे.

जिथे कुलूप नाही तिथे मात्र डॉक्टरचा आग्रह मला पटत नाही. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे संस्थापक जगन्नाथ वाणी हे संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीच्या आजारपणातून ते या कामाकडे वळले. बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी काम करणारी चेन्नईची ‘द बॅनियन’ ही संस्था 1993 मध्ये ज्या दोन तरुणींनी उभी केली, त्यांतली एकही डॉक्टर नव्हती. आधारगट, दिवसकेंद्र किंवा हेल्पलाइन चालवायला वैद्यकीय पदवी कशाला हवी?

रुग्णालयात अधीक्षकांच्या हाताखाली खर्चाचे स्वतंत्र अधिकार असलेला प्रशासकीय अधिकारी असावा. डाळीची बिले त्याने परस्पर निकाली काढावीत. जेवणाची वेळ बदलायची झाली, तर मात्र त्याने अधीक्षकांचे दार ठोठावावे. आमच्या केंद्रात जेवण पुन्हा आठला सुरू झाले आणि भत्त्याची ती रक्कम मी निमूटपणे अंदाजपत्रकात परत घातली.